स्वागत असो, मकाका!

मंडळी, आज जरा लांबचा प्रवास आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २००६ साली एका विद्यमान सिनेटरने पुन्हा निवडणूक लढवली आणि तो पडला, त्या निवडणुकीबद्दल मला लिहायचं आहे. 'आम्हाला आमच्या पंचायतीची निवडणूक पुरेशी आहे, व्हर्जिनियाची कशाला?' असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण या गोष्टीत एक शब्द आहे. तो पोर्तुगीज भाषेतून जगभर गेला, आणि गोव्यात पोर्तुगीज शाळेच्या बाकावर बसलेल्या पिढीला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. त्या शब्दापायीच ही निवडणूक एवढी वर्षं माझ्या डोक्यात घर करून बसली आहे.

आधी माणसांची ओळख करून देतो. सिनेट म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं वरचं सभागृह. आपल्या राज्यसभेसारखं म्हटलं की पटकन कळतं, पण फरक मोठा आहे. राज्यसभेत गोव्याचा सदस्य एकच, आणि तोही आमदार निवडतात. तुम्हाआम्हाला कुणी विचारत नाही. अमेरिकेत राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाचे सिनेटर दोन. एकूण शंभर. मुदत सहा वर्षांची, आणि १९१३ सालच्या घटनादुरुस्तीपासून लोकच त्यांना थेट निवडून देतात. म्हणजे सिनेटर कितीही मोठा झाला तरी सहा वर्षांनी त्याला गावोगाव हिंडावंच लागतं, जत्रेत, उद्यानात, शाळेच्या मैदानावर उभं राहून बोलावंच लागतं.

जॉर्ज ॲलन हा असा एक मोठा झालेला सिनेटर. जन्म कॅलिफोर्नियातला. वडील अमेरिकन फुटबॉलचे नामवंत प्रशिक्षक. पोरगा व्हर्जिनियात शिकला, तिथेच राजकारणात शिरला. १९९४ ते १९९८ व्हर्जिनियाचा गव्हर्नर, आणि २००० साली चक रॉब या विद्यमान सिनेटरला हरवून सिनेटर. पायात काउबॉय बूट, तोंडात तंबाखूची गोळी, बोलण्यात मोकळेपणा. रिपब्लिकन पक्षात २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचं नाव घेतलं जात होतं. २००६ ची निवडणूक ही त्या वाटेवरची एक पायरी, एवढंच तिचं महत्त्व समजलं जात होतं.

समोर डेमोक्रॅटिक पक्षाचा जिम वेब. हा माणूसही साधासुधा नव्हे. व्हिएतनाम युद्धात मरीन अधिकारी म्हणून लढलेला, शौर्यपदक मिळवलेला, कादंबरीकार, आणि गंमत म्हणजे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात नौदलाचा सचिव राहिलेला. इराकच्या युद्धाला त्याचा विरोध होता, पण त्याचा स्वतःचा मुलगा मरीन दलात होता आणि त्याच इराक युद्धावर जायचा होता. मुलाचे बूट पायात घालून वेब प्रचाराला हिंडत असे. पैसा मात्र ॲलनकडे कितीतरी जास्त, आणि उन्हाळ्यातल्या जनमत चाचण्यांत ॲलन पुढे.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. ११ ऑगस्ट २००६. व्हर्जिनियाच्या अगदी नैर्ऋत्य टोकाला, केंटकी राज्याच्या सीमेवर, डोंगराळ मुलखात ब्रेक्स नावाचं ठिकाण आहे. तिथल्या उद्यानात ॲलनच्या समर्थकांचा मेळावा. गर्दीत पिवळ्या शर्टातला वीस वर्षांचा एक मुलगा हातात छोटा व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभा. त्याचं नाव एस. आर. सिदार्थ. व्हर्जिनिया विद्यापीठाचा विद्यार्थी, वेबच्या प्रचारातला स्वयंसेवक. त्याचं काम एकच, ॲलन जाईल तिथे जायचं आणि त्याचं भाषण चित्रित करायचं. विरोधकामागे असा माणूस लावायची अमेरिकेत पद्धतच आहे, दोन्ही पक्ष लावतात. त्यात लपवाछपवी नसते.

ॲलन बोलायला उभा राहिला. पहिलं वाक्य असं, की आपण हा प्रचार सकारात्मक, विधायक विचारांवर करणार आहोत! आणि मग लगेच त्या मुलाकडे बोट. हा पिवळ्या शर्टातला माणूस, मकाका की काय त्याचं नाव, तो माझ्या विरोधकाचा आहे, आम्ही जाऊ तिथे मागे मागे येतो. लोक हसले. माझा विरोधक हॉलिवूडच्या सिनेमावाल्यांत रमलाय, असंही सांगून झालं. आणि शेवटी, चला, या मकाकाचं आपण स्वागत करू या. अमेरिकेत स्वागत असो, आणि व्हर्जिनियाच्या खऱ्या जगात स्वागत असो! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगा काही बोलला नाही. कॅमेरा चालूच होता.

वेबच्या लोकांनी काही दिवसांत ती फीत यूट्यूबवर टाकली. यूट्यूब तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं बाळ. वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांनी बातमी केली, दूरचित्रवाणीवर ती फीत शेकडो वेळा दाखवली गेली, आणि 'मकाका म्हणजे काय?' हा प्रश्न अमेरिकाभर झाला. बहुतेकांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

मी तेव्हा नोकरीला नुकता लागलेला. घरी इंटरनेट नव्हता, संध्याकाळी सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून बसायचो. ती फीत पाहायला मला पाऊण तास लागला; एक वाक्य वाजायचं आणि गोल चक्र फिरत राहायचं. घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा पोर्तुगीज अमलात शाळेत गेलेले, मुक्तीच्या वेळी तेरा वर्षांचे. शब्द ऐकताच ते हसले. "आरे, हें आमचेंच उतर! माकाकु. मास्तर आमकां म्हणटालो." पाढा चुकला की माकाकु, अक्षर वाकडं आलं की माकाकु. पोर्तुगीज भाषेत 'माकाकु' म्हणजे माकड, आणि 'माकाका' म्हणजे माकडीण. मास्तर गोरा नव्हता हो, आपलाच होता! पण शिवी तिकडून आलेली.

नंतर मी जमेल तसं वाचत गेलो. कोशकार सांगतात की पोर्तुगिजांनी हा शब्द कांगो-अंगोलाच्या बाजूच्या बांटू भाषांतून उचलला. पुढे तो फ्रेंचांनी घेतला, मग प्राणिशास्त्रज्ञांनी. गोव्यात घरांच्या कौलांवर उड्या मारून कौलं फोडणारं, डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखं दिसणारं आपलं जे माकड आहे, त्याचं शास्त्रीय नावच मकाका रेडियाटा. वसाहतींत मात्र हा शब्द माणसांसाठी वापरला गेला. फ्रेंच आणि बेल्जियन अमलातल्या आफ्रिकेत गोरे लोक स्थानिकांना असं हाक मारत. म्हणजे आफ्रिकेतून उचललेला शब्द, आफ्रिकेतल्याच माणसाला शिवी म्हणून परत. आणि शेवटी व्हर्जिनियाच्या डोंगरात एका भारतीय वंशाच्या मुलाच्या अंगावर.

सगळी चर्चा त्या शब्दाभोवतीच फिरली. माझं मत मात्र वेगळं आहे. मला त्या भाषणात 'मकाका'पेक्षा 'स्वागत' हा शब्द जास्त टोचतो.

विचार करा. मकाका म्हणजे काय हे तिथल्या श्रोत्यांनाही माहीत नसणार. पण 'अमेरिकेत स्वागत असो' हे सगळ्यांना कळलं, आणि टाळ्या त्यावर पडल्या. सिदार्थ जन्मला आणि वाढला तो व्हर्जिनियाच्याच फेअरफॅक्स काउंटीत. त्याचं स्वागत करणारा ॲलन जन्मला कॅलिफोर्नियात. यजमान बाहेरचा आणि पाहुणा घरचा! तरीही कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण कोण घरचा आणि कोण पाहुणा हे तिथे कातडीच्या रंगावरून आधीच ठरलेलं होतं. सिदार्थने नंतर वार्ताहरांना सांगितलं की त्या गर्दीत गोरा नसलेला तो एकटाच होता.

शिवी दिली तर माणूस उलट शिवी देऊ शकतो. स्वागत केलं तर काय करणार? 'मी इथलाच आहे' असं ओरडून सांगितलं तरी लोक हसणारच.

त्यानंतरचे दिवस ॲलनच्या प्रचाराचे सर्वांत वाईट दिवस. पहिला खुलासा असा आला की मुलाच्या डोक्यावरचे केस मोहॉक पद्धतीने कापलेले होते, त्यावरून हे टोपणनाव सुचलं. सिदार्थ म्हणाला, माझे केस तसे नाहीतच. मग ॲलन म्हणाला की शब्द आपण सहज बनवला, त्याला काही अर्थच नाही. कुणी दुखावलं असेल तर दिलगीर आहोत. त्या 'असेल तर'वर पुन्हा टीका. शेवटी बाराएक दिवसांनी त्याने त्या मुलाला फोन करून माफी मागितली. हीच माफी बाराव्या मिनिटाला मागितली असती तर? पण राजकारणातल्या माणसाला आधी वकील आठवतो, मग सल्लागार, आणि समोरचा माणूस सगळ्यांत शेवटी.

मग लोकांनी त्याचं जुनं गाठोडं सोडलं. गव्हर्नर असताना त्याने एप्रिल महिना 'कॉन्फेडरेट इतिहासाचा महिना' म्हणून जाहीर केला होता. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची ती आठवण, आणि त्यांची राजधानी व्हर्जिनियातच, रिचमंडला होती. विधानसभेत असताना मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीविरुद्ध त्याने मत दिलं होतं. विद्यापीठातल्या फुटबॉल संघातले काही जुने सोबती पुढे येऊन म्हणाले की तो काळ्या लोकांना हलका शब्द वापरत असे. त्याने ते साफ नाकारलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हाच ॲलन २००५ साली सिनेटमध्ये आलेल्या एका ठरावाच्या प्रमुख प्रायोजकांपैकी एक होता. जमावाने काळ्या माणसांना फासावर लटकवण्याच्या घटना रोखण्यासाठी सिनेटने कधी कायदा केला नाही, याबद्दल माफी मागणारा तो ठराव. आणि वेबही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पक्षांतर्गत निवडणुकीत त्याच्या ज्यू प्रतिस्पर्ध्याचं लांब नाकाचं व्यंगचित्र त्याच्या प्रचारपत्रकात छापलं गेलं होतं. स्त्रियांनी लष्करात लढू नये असा त्याचा १९७९ सालचा लेखही विरोधकांनी बाहेर काढला. तेव्हा एकीकडे राक्षस आणि दुसरीकडे देव, असं हे कथानक नाही.

या सगळ्यात माझ्या मनात रुतून बसलेली आहे ती ॲलनची आई. हेन्रिएट्टा लुम्ब्रोसो, जन्म ट्युनिसचा, तेव्हा तिथे फ्रेंच अंमल. मकाका हा शब्द ॲलनने तिच्याकडूनच ऐकला असेल, असा तर्क काहींनी लढवला. १८ सप्टेंबरच्या जाहीर वादसभेत एका पत्रकार बाईने त्याला विचारलं की तुमच्या घराण्यात ज्यू होते का? ॲलन चिडला, माझ्या आईला यात ओढू नका म्हणाला. सभागृहातल्या लोकांनी त्या बाईंची हुर्यो उडवली. दुसऱ्याच दिवशी त्याने निवेदन काढून मान्य केलं की होय, माझी आई ज्यू कुटुंबात जन्मली. त्याला स्वतःलाही ते थोड्याच दिवसांपूर्वी कळलं होतं. आईने ते मुलांपासून आयुष्यभर लपवलं होतं. तिच्या वडिलांना ट्युनिसमध्ये नाझींनी तुरुंगात टाकलं होतं. ती भीती घेऊन ती अमेरिकेत आली, लग्न केलं, आणि आपण कोण हे मिटवून टाकलं. ऑगस्टमध्ये मुलाला सांगितलं तेही कुणाला न सांगण्याच्या अटीवर.

म्हणजे बघा. ज्याची आई परक्या देशातून आली आणि 'तू कुठली?' या प्रश्नाच्या धास्तीने पन्नासहून अधिक वर्षं गप्प राहिली, तोच मुलगा स्टेजवरून दुसऱ्याच्या मुलाला 'अमेरिकेत स्वागत असो' म्हणतो. त्याला तेव्हा पूर्ण माहिती नव्हती हे कबूल. पण आई ट्युनिसहून आली हे तर माहीत होतं! मला त्याचा राग येत नाही, कीव येते. बाई जिवाच्या भीतीने गप्प राहिली आणि मुलगा ते न ओळखता तीच भीती वाटत सुटला.

७ नोव्हेंबर २००६ ला मतदान झालं. वेबला ११ लाख ७५ हजार ६०६ मतं, ॲलनला ११ लाख ६६ हजार २७७. फरक ९ हजार ३२९ मतांचा. तेवीस लाखांहून अधिक मतांत एवढाच! फरक एका टक्क्याहून कमी असल्यामुळे फेरमोजणी मागायचा ॲलनला हक्क होता. त्याने ती मागितली नाही, दोन दिवसांनी पराभव मान्य केला. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. त्या एका जागेने सिनेटचं पारडं डेमोक्रॅट आणि त्यांच्याबरोबरच्या दोन अपक्षांकडे ५१ विरुद्ध ४९ असं झुकलं.

मग एका शब्दाने सिनेटर पाडला का? लोक तसं म्हणतात, आणि यूट्यूबचा महिमा गातात. मला ते पूर्ण पटत नाही. इराक युद्धामुळे आणि बुश यांच्यावरच्या नाराजीमुळे त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाविरुद्ध वाराच वाहत होता. मोंटाना, पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशा राज्यांतले विद्यमान सिनेटरही त्या वाऱ्यात पडले. पण नऊ हजारांचा फरक असला की प्रत्येक कारणाला 'मीच ते' असं म्हणायचा अधिकार असतो. शिवाय उत्तर व्हर्जिनिया, म्हणजे वॉशिंग्टनला लागून असलेली फेअरफॅक्ससारखी उपनगरं, तिथे आशियातून, लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसं दर वर्षी वाढत होती. ॲलनच्या डोळ्यांसमोरची 'खरी' व्हर्जिनिया डोंगरातली होती. मतमोजणीत मात्र फेअरफॅक्सही धरतात. १९६७ सालापर्यंत याच व्हर्जिनियात गोऱ्याने वेगळ्या वंशाच्या व्यक्तीशी लग्न करणं गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, आणि चाळीस वर्षांच्या आत तिथून सिनेटवर गेलेल्या जिम वेबची बायको व्हिएतनाममध्ये जन्मलेली.

पुढची गोष्ट थोडक्यात. २००८ साली रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांच्या एका सल्लागार बाईंनी पुन्हा 'खरी व्हर्जिनिया' वेगळी काढली, आणि ओबामा तिथे जिंकले; १९६४ नंतर तिथे जिंकलेले ते पहिले डेमोक्रॅट. २०१२ साली वेब पुन्हा उभा राहिला नाही, ॲलन राहिला. त्या मुलाला तसं एकटं पाडणं चूक होती असं आधीच जाहीरपणे बोलला, पण टिम केनकडून हरला. २०२४ साली उत्तर व्हर्जिनियातून सुहास सुब्रमण्यम काँग्रेसवर निवडून गेले. २०२५ साली गझाला हाशमी व्हर्जिनियाच्या लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. जन्म हैदराबादचा! लहानपणी अमेरिकेत गेलेल्या. त्यांना मात्र एकेकाळी कुणी 'स्वागत' म्हटलं असतं तर ते निदान खोटं नसतं.

आता आपल्याबद्दल. २००६ साली ॲलन पडला तेव्हा आमच्या कचेरीतल्या चहाच्या टेबलावर आनंद झाला होता. 'आपल्या पोराने सिनेटर पाडला!' मीच सगळ्यांत मोठ्याने बोलत होतो. आता वाटतं, आम्हीही तेच केलं. ॲलनने त्या मुलाला व्हर्जिनियातून काढून भारतात पाठवला, आणि आम्ही टाळ्या वाजवत त्याला उतरवून घेतला. तो स्वतः म्हणत होता मी व्हर्जिनियाचा. ते कुणी ऐकलं? लिस्बनमध्ये जन्मलेले अंतोनिओ कॉस्ता २०१५ साली पोर्तुगालचे पंतप्रधान झाले तेव्हाही गोव्यात 'आमचो बाबुश' म्हणून आपण नाचलो. मूळ मडगावचं, अभिमान वाटणारच. पण दुसऱ्या देशात आपल्या वंशाचा माणूस तिथला मानला गेला की आनंद, आणि इथे दुसऱ्याच्या वंशाचा माणूस इथला म्हणवू लागला की कपाळाला आठी! हे कसं काय?

त्या निवडणुकीला वर्षही झालं नव्हतं. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इथे आला तेव्हा वडोदऱ्यात आणि मग मुंबईत अँड्र्यू सायमंड्सला पाहून प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढले, हावभाव केले. वानखेडेवरून काही प्रेक्षकांना पोलिसांनी बाहेर काढलं. वडोदऱ्यात आणि मुंबईत, म्हणजे आपली मराठी माणसं जिथे पिढ्यानपिढ्या आहेत तिथे. मकाका म्हटल्यावर दुखावलेले आपणच ना?

आता शेवटची आणि माझी स्वतःची गोष्ट. मी ज्या कचेरीत आहे तिचं नाव-गाव सांगत नाही. गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. काही वर्षांपूर्वी एक पोरगा अर्ज घेऊन आला. आडनाव कानडी, बाप गवंडी, विजापूरकडचा. पोराचा जन्मदाखला गोव्याचा, शाळा गोव्याची, दहावीची गुणपत्रिका गोवा बोर्डाची. कागद चोख. कोंकणीत बोलत होता, माझ्याहून गोड. मी कागद चाळता चाळता कौतुकाने म्हटलं, "कोंकणी बरी उलयता रे तूं!"

तो म्हणाला, "हांव हांगाचोच, सायबा."

रांगेतले दोघंतिघं हसले. मीही हसलो. त्याने खाली पाहिलं, पावती घेतली आणि गेला.

मला त्याला घाटी म्हणायचं नव्हतं. मी तो शब्द वापरत नाही, याचा मला उलट थोडा अभिमानच होता. पण त्या रात्री जेवताना एकदम ब्रेक्सचं ते उद्यान आठवलं. शिवी एकही नाही, तोंडभर कौतुक, मागे हसणारे लोक, आणि मुकाट उभा राहिलेला एक वीस वर्षांचा मुलगा. वेगळं काय होतं? कॅमेरा नव्हता, एवढंच.

कुणी म्हणेल, गोव्याची गोष्ट वेगळी. लहान प्रदेश, जमिनी जातायत, नोकऱ्या जातायत, भाषा जातेय. मी त्याच मातीतला आहे, ती काळजी मलाही आहे. पंधरा वर्षांचा दाखला काढून टाका असं माझं मुळीच म्हणणं नाही. उलट तो दाखला मला आता जास्त न्यायाचा वाटतो. कायदा विचारतो, किती वर्षं राहिलास? त्याला कागदाने उत्तर देता येतं. मी त्या पोराला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर कुठल्याच कागदावर नाही. आजा इथे पुरला असता तरी कुणीतरी पणज्याचं गाव विचारेल. आणि आम्ही गोव्यात मराठी लिहिणारे! 'तुम्ही इथले की तिथले?' हे आम्हाला काय कमी वेळा ऐकावं लागलं आहे? ते ऐकताना घशात जे अडकतं ते ज्याला माहीत आहे, त्याने तरी दुसऱ्याच्या घशात ते घालू नये.

त्या पोराचा दाखला वेळेत निघाला. न्यायला तो आला तेव्हा मी दुसऱ्या टेबलावर होतो. माफी राहूनच गेली. ॲलनने निदान फोन तरी केला होता.

ॲलनचं ते 'की काय त्याचं नाव' मला हल्ली रोज आठवतं. खिडकीवर अर्ज आला की मी आधी नाव वाचतो, मोठ्याने. उच्चार जमला नाही तर विचारतो, आणि तो सांगेल तसा म्हणतो. गाव विचारायचं असेल तर अर्जात रकाना आहेच.